तांदळात लिहायचं नाव

चिंतामणी मास्तर बेळगावच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शिकवायचे म्हणण्यापेक्षा इंग्रजीशी भांडायचे म्हणणं जास्त खरं. एखाद्या पोरानं निबंधात ‘नाइस’ लिहिलं, की मास्तर खुर्चीत सरसावून बसत आणि विचारत, “नाइस? म्हणजे मूर्ख म्हणायचंय का तुला?” पोरगं गोंधळून जाई. मग मास्तर खुशीत येऊन सांगत, की काही शतकांपूर्वी इंग्रज माणूस ‘नाइस’ म्हणाला, तर समोरच्याच्या डोक्यात काही नाही असा त्याचा अर्थ व्हायचा. ‘सिली’ म्हणजे आज बावळट, तेव्हा पुण्यवान. ‘व्हिलन’ म्हणजे आज खलनायक, तेव्हा जमीनदाराच्या शेतावर राबणारा साधा गावकरी. घंटा होई, व्याकरण जागच्या जागी राही, आणि पोरं एकमेकांना ‘ए पुण्यवान’ म्हणत बाहेर पडत.

मास्तरांचं म्हणणं एकच. शब्दाचा पहिला अर्थ हा घरमालक, आणि मागून आलेले सगळे भाडेकरू. भाडेकरूनं कितीही वर्षं मुक्काम ठोकला म्हणून घर काही त्याच्या नावावर होत नाही. हे ते इतक्या वेळा म्हणत, की त्यांच्या बायकोला, जयाबाईंना, ते पाठ झालं होतं. मास्तरांनी सुरुवात केली की त्या आतून कांदा चिरता चिरता शेवट करून टाकत.

एवढ्या निरखून शब्द पारखणाऱ्या माणसानं स्वतःच्या एकुलत्या एक मुलीचं नाव काय ठेवावं? विद्युल्लता. भाऊबंद हसले. गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस प्रयत्न केला आणि मग ‘मास्तरांची पोरगी’ म्हणायला लागल्या. खुद्द पोरीला ते नाव पाटीवर लिहायला जवळजवळ वर्ष लागलं. दला य जोडायचा, लला ल जोडायचा, आणि तोवर पाटी संपायची. शाळेत मुली चिडवायच्या, ती मारामारी करून रडत घरी यायची, पुन्हा पाटी घेऊन बसायची. पण एकदा जे जमलं ते जमलं. आता ती स्वतः मुलींच्या शाळेत शिकवत होती, आणि पहिलीतल्या पोरी न अडखळता ‘विद्युल्लताबाई’ म्हणतात याचा तिला केवढा तरी अभिमान होता.

एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास तिला निपाणीचं स्थळ सांगून आलं. मुलगा रघुवीर, वकील. घर तंबाखूच्या व्यापाऱ्याचं, वडील वारलेले, सगळा कारभार आईच्या हाती. मुलगी बघायला आला तेव्हा त्यानं पोहे खाल्ले आणि सवयीनं “व्हेरी नाइस” म्हणाला. झालं! मास्तरांनी अर्धा तास घेतला. स्थळ आणणारा नातेवाईक आण्णाप्पा कपाळाला हात लावून बसला. रघुवीर मात्र मन लावून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, “आणि मास्तर, ‘हजबंड’ म्हणजे मुळात काय हो?”

“घर राखणारा. घरधनी.”

“मग अर्थ बदलला तेच बरं झालं,” रघुवीर म्हणाला. “मला साधं कुलूपसुद्धा नीट लावता येत नाही.”

आतल्या दाराशी विद्युल्लता हसली, आणि ते हसू रघुवीरला ऐकू गेलं. लग्न तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही. तिला तो मनापासून आवडला होता आणि ते तिनं आईला आडपडदा न ठेवता सांगितलं.

पंधरवड्यानं आण्णाप्पा निपाणीचा निरोप घेऊन आला. सगळं पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, मुलीनं लग्नानंतर शिकवलं तरी चालेल. फक्त लग्नात नाव बदलायचं. मुलगा रघुवीर, तेव्हा सुनेचं नाव जानकी.

यात नवल काहीच नव्हतं. लग्न लागलं की संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांना साखर वाटायची, ही रीत घरोघर होती. पण मास्तर भडकले.

“जानकी म्हणजे जनकाची मुलगी!” ते म्हणाले. “ही चिंतामणीची मुलगी आहे. मूळ अर्थ म्हणून काही बघाल की नाही? मोडा ते लग्न!”

“आप्पा, मोडू नका,” विद्युल्लता म्हणाली. “पण नावही सोडवत नाही मला. माझं दुसरं सगळं तुम्ही दिलेलं आहे. नाव तुम्ही दिलंत खरं, पण ते लिहायला, म्हणायला मी शिकले. त्याच्यासाठी मार खाल्ला, मार दिला. आता कुणी जानकी म्हणून हाक मारली तर मी ओ देईन, पण मला खोटं बोलल्यासारखं वाटेल.”

आता आली का पंचाईत! मुलगा हवा आणि नावही हवं. मुलीकडच्यांनी अट घालायची म्हणजे आण्णाप्पाच्या अंगावर काटा आला. तसला निरोप आपण नेणार नाही, असं त्यानं तिथंच हात जोडून सांगितलं. तेव्हा मास्तर आणि जयाबाई दोघंच सर्व्हिस मोटारीनं निपाणीला निघाले. निघताना विद्युल्लतेनं वडिलांना बजावलं, “भांडू नका. आणि हे बघा, इंग्रजी शब्दांचं काहीही काढू नका.”

“मी कशाला काढतोय?” मास्तर म्हणाले.

तवंदीचा घाट उतरला आणि तंबाखूचा वास नाकात शिरला. रघुवीरची आई अक्काताई दारातच उभी होती. उंच, काळीसावळी बाई, पदर खोचलेला, हात पिठाचे. मास्तरांनी आणलेला कुंद्याच्या मिठाईचा पुडा तिनं दोन बोटांनी धरून आत ठेवला आणि म्हणाली, “बसा वो. भाकऱ्या चालल्यात माझ्या. सून येईपत्तोर मलाच बडवायला लागत्यात.”

मास्तर बसले, आणि मुलीला दिलेला शब्द बसल्या बसल्याच विसरले. “तुम्हाला गंमत सांगतो,” ते म्हणाले. “इंग्रजीत ‘लेडी’ म्हणजे मोठ्या घरची बाई. पण त्याचा मूळ अर्थ काय? भाकरीचं पीठ मळणारी!”

जयाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण अक्काताई खूश झाली.

“म्हंजे मी लेडीच की वो! आणि ती लष्करातल्या सायबाची मड्डम? ती तर चुलीपाशी जाती का न्हाय कुणाला ठावं. तिला बी लेडी म्हनत्यात?”

“म्हणतात. अर्थ बिघडला ना.”

“बिघडला कशानं?” अक्काताई म्हणाली. “भाकरी करणाऱ्या बाईचं नाव मोठ्या घरच्या बाईला गेलं. आमच्या जातीची बडतीच झाली की ही.”

मास्तरांनी मग मूळ विषयाला हात घातला. जनकाची मुलगी, चिंतामणीची मुलगी, पहिला अर्थ, घरमालक, भाडेकरू, सगळं झालं. अक्काताईनं ते चहा गाळत गाळत ऐकून घेतलं. तिचा चेहरा आता जरा ताठ झाला होता.

“मास्तर, मला तुमच्यावानी शब्द येत न्हाईत,” ती म्हणाली. “पर नाव कशाला बदलायचं त्ये मला कळतंय. नाव बदललं की पोरगी घरची हुती. न्हायतर चार पोरं झाली तरी पाव्हणीच ऱ्हाती. माझं बदललं, माझ्या जावांचं बदललं. कुणी म्येलं न्हाय त्यानं.” मग ती जयाबाईंकडं वळली. “विहीणबाई, तुमचं माहेरचं नाव काय वो?”

“मालू,” जयाबाई म्हणाल्या.

“आणि जया कुणी ठेवलं?”

“कुणी म्हंजे? ह्यांनीच की. ताटात लिवलं.”

मालू हे नाव मास्तरांनी ऐकलं नव्हतं असं नाही. खानापूरकडचे मेहुणे आले की ‘मालूआक्का’ म्हणून हाका मारायचे. पण ते लाडाचं नाव असेल अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती, किंवा कसलीच समजूत करून घेतली नव्हती. ‘लेडी’चा पहिला अर्थ शोधायला त्यांनी केवढाले कोश पालथे घातले होते. घरात भाकरी करणाऱ्या बाईचं पहिलं नाव त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही.

“आवं, तोंड कशाला पाडताय?” जयाबाई हसल्या. मग अक्काताईला सांगायला लागल्या, “पैल्यांदा लई मजा व्हायची वो. सासूबाई ‘जया’ म्हणून हाक मारायच्या आणि मी मागं वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून. नाव नुसतं रिकामं हुतं. कुणाच्या तरी उसन्या लुगड्यागत अंगावर हुतं. मग पोरीच्या बाळंतपणाच्या वक्ताला मी तापानं फणफणलो. शुद्ध नव्हती. तर हे उशाशी बसून ‘जया, जया’ करत हुते. शाळा सोडून बसलेले. त्या आवाजानं मला जाग आली, आणि त्या दिवशी पैल्यांदा वाटलं, व्हय, जया म्हंजे मीच. तवापासनं त्ये माझं झालं. ताटात लिवलं तवा न्हाय झालं.”

पंचवीस वर्षं हे मास्तरांच्याच घरात होतं आणि ते त्यांना आज, परक्याच्या सोप्यावर बसून, कळत होतं. नावाला अर्थ ताटातून आला नव्हता. कोशातून तर नव्हताच. हाका मारता मारता आला होता. ‘नाइस’ला आणि ‘सिली’ला तो आणखी कुठून येणार होता? तेही कुणीतरी कुणालातरी म्हणतच आले असतील.

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा अक्काताई उठली, ती उतरवली, आणि तिथूनच, पाठमोरी म्हणाली, “माझं भावकू.”

“काय?”

“माझं नाव. भावकू. हितं आलो तवा मालकांचं नाव पांडुरंग म्हणून माझं रुक्मिणी केलं. रुक्मिणी फकस्त मालक म्हणायचे. बाकी सगळ्यांची म्या अक्काताई. मालक गेले, रुक्मिणी बी गेली. आई-बा, भाऊ, कुणी उरलं न्हाय. भावकू म्हणणारं आता एक बी माणूस न्हाय.” ती हातावरचं पीठ झाडत पुन्हा म्हणाली, “भावकू.” आपलंच नाव चाखून बघितल्यासारखं म्हणाली.

“चांगलं नाव आहे हो,” मास्तर म्हणाले. यावर काही सांगावं, कसला मूळ अर्थ काढावा असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

“तुमच्या मालूला हाक मारणारं माहेर हाय,” अक्काताई जयाबाईंना म्हणाली. “म्हणून तुमाला हसून सांगता आलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं, येऊन समोर बसली आणि विचारलं, “पोरगी काय म्हणती?”

या सगळ्या भानगडीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. निरोप आणणाऱ्या आण्णाप्पानंही नाही. जयाबाईंनी पाटीची गोष्ट सांगितली. जवळजवळ वर्ष लागलं लिहायला, पोरी चिडवायच्या, ही मारामाऱ्या करून यायची, सगळं सांगितलं.

“लिवायला वरीस,” अक्काताई म्हणाली. “मग मला म्हणायला किती लागंल वो?”

जयाबाई तिच्या जवळ सरकल्या. “वि. द्यु. ल्ल. ता. म्हणा.”

“इज्… विजु… विजुलता.”

मास्तरांचं तोंड दुरुस्तीसाठी उघडलं होतं. जयाबाईंनी नुसतं बघितलं. तोंड मिटलं. मिटल्यावर त्यांना सुचलं, की अशाच कुठल्या तरी आयाबायांनी विद्युत्‌ची वीज केली असणार, आणि तीच वीज आपण जन्मभर तक्रार न करता वापरतो आहोत.

“काय करायचं त्ये बघू,” अक्काताई शेवटी म्हणाली. “म्या आज काय कबूल करत न्हाय. भावकीला काय सांगायचं, त्यो इचार करायला पायजे. लगीन मातूर मोडायचं न्हाय.”

तेवढंच घेऊन दोघं परत निघाले. मोटारीत गर्दी होती. जयाबाई खिडकीशी, मास्तर शेजारी. घाट चढून मोटार संकेश्वरच्या बाजूला लागली तेव्हा मास्तरांनी आजूबाजूला बघून हळूच म्हटलं, “मालू.” जयाबाई बाहेर बघत राहिल्या. मास्तरांनी जरा मोठ्यानं म्हटलं. तरी नाही. शेवटी ते “जया” म्हणाले आणि त्या चटकन वळल्या.

“काय वो?”

“मघापासून हाक मारतोय. मालू म्हणून.”

“आयकली की मी,” त्या म्हणाल्या. “पर त्ये माझ्या भावांचं नाव हाय. तुमच्या तोंडात न्हाय शोभत. तुम्ही जयाच म्हणा.” आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. मास्तर खुशीत होते. पुढच्या वाटेत त्यांनी काही कारण नसताना आणखी दोन-तीनदा “जया” म्हणून घेतलं, आणि जयाबाईंनी दर वेळी “काय वो” म्हटलं.

घरी विद्युल्लता दारातच होती. “काय झालं?”

“मोडलं नाही,” मास्तर म्हणाले. “नावाचं माहीत नाही.”

लग्नापर्यंतचे दिवस तिनं नेहमीसारखे शाळेत काढले. पण रोज संध्याकाळी फळा पुसायच्या आधी ती त्याच्या कोपऱ्यात आपलं नाव एकदा लिहायची, हे तिच्याबरोबरच्या बाईंनी जयाबाईंना सांगितलं. जयाबाईंनी ते मास्तरांना सांगितलं नाही. त्यांना मुलीची काळजी लागली होती आणि नवऱ्याची वेगळी लावून घ्यायची नव्हती.

लग्न बेळगावातच लागलं. निपाणीची भावकी तीन मोटारी भरून आली. जेवणं झाली, ऊन कललं, आणि लक्ष्मीपूजनाला मांडव पुन्हा भरला. पाटासमोर पितळेचं ताट आलं, त्यात तांदूळ पसरले. रघुवीरनं बोटातली अंगठी काढली आणि हातात धरून नुसता बसून राहिला. भटजी म्हणाले, “लिहा, जानकी.” मास्तर खांबाशी उभे होते. मुलीच्या खाली घातलेल्या मानेशिवाय त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

“थांबा वो जरा,” अक्काताई म्हणाली. ती पुढं झाली. “रघू, काय लिवायचं त्ये तिला इचार.”

मांडवात कुजबुज झाली. असं कधी कुणी विचारलं नव्हतं. रघुवीरनं बायकोकडं बघितलं. “काय लिहू?”

विद्युल्लतेनं मान वर केली. आधी सासूकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. “विद्युल्लता,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण एकही जोडाक्षर निसटलं नाही.

रघुवीर लिहायला लागला. ‘वि’ झाला, ‘द्यु’ झाला, आणि ‘ल्ल’शी ताटाची कड आली. त्यानं पुसलं, पुन्हा लहान अक्षरात लिहायला घेतलं, तर अंगठीच्या जाडीनं ‘द्यु’ बुजून गेला. पोरं हसायला लागली. “दुसरं मोठं ताट आणा गं, आणि तांदूळ बी आणा!” अक्काताई ओरडली. भात वाढायची मोठी परात आली, पायलीभर तांदूळ ओतले गेले, आणि रघुवीरनं कोर्टात अर्ज लिहावा तशा काळजीनं चारही अक्षरं पुरी केली. मास्तरांनी ती वाचली आणि उपरण्यानं डोळे पुसले. कुणी बघतंय की नाही याचीसुद्धा त्यांनी पर्वा केली नाही.

अक्काताईची थोरली जाऊ मागच्या रांगेत होती. तिला कमी ऐकू यायचं. “अक्काताई, सुनंचं नाव काय ठेवलंस?” तिनं तिथूनच विचारलं.

“विजुलता!”

“आगं, त्ये तर तिचं जुनंच की! नवं काय?”

“तिच्या माहेरात असंल जुनं,” अक्काताई म्हणाली. “आमच्या घरात आजच आलंय.” आणि तिनं साखरेची पहिली चिमूट सुनेच्या तोंडात घातली.